निकाल आणि त्यामागची कारणे

‘निवडणूक कोर्टात अडकली आहे.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत बोलले गेले. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिकांची मुदत संपून गेली, लोकप्रतिनिधींच्या खुर्चीत प्रशासक बसले आणि रस्त्याचे, शाळेच्या खोलीचे, नळयोजनेचे गाऱ्हाणे घेऊन जायला निवडून आलेला माणूसच उरला नाही. याचे मूळ एका निकालात होते. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्थानिक स्वराज्य संस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी सरसकट २७ टक्के जागा राखून ठेवता येणार नाहीत. त्यासाठी आधी समर्पित आयोग नेमावा लागेल, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे लागेल आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पुढे त्यासाठी बांठिया आयोग आला, प्रभागरचनेचे वाद आले, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, बांठिया अहवालापूर्वीची आरक्षणाची स्थिती धरून चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला.

कोणत्या समाजाला किती जागा, निवडणूक कधी, तोवर कारभार कोणी पाहायचा, हे सगळे राजकारणाचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे विधानभवनात मिळाली नाहीत, ती दिल्लीच्या न्यायासनाने दिली. ती बरोबर होती की चूक, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. न्यायालय राजकारणाच्या बाहेर कुठेतरी उंचावर बसलेले असते, ही समजूत मात्र या अनुभवापुढे टिकत नाही. घटनात्मक लोकशाहीत न्यायालये आणि न्यायाधीश कोणती राजकीय भूमिका बजावतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

राजकीय भूमिका म्हणताना पक्षाचे राजकारण इथे अभिप्रेत नाही. सत्ता कोणाच्या हाती असावी, ती कुठवर चालावी, तिने कोणाला काय द्यावे आणि कोणाचे काय हिरावू नये, हे ठरवणारा प्रत्येकजण राजकीय काम करत असतो. न्यायाधीश हे काम रोज करतात. त्यांना कोणी मत दिलेले नसते आणि चुकले म्हणून मतदार त्यांना घरी पाठवू शकत नाहीत. तरीही लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा कायदा ते रद्द करू शकतात. मग त्यांच्या अधिकाराला आधार कशाचा? माझे उत्तर असे आहे, की न्यायाधीश आपल्या सत्तेची किंमत कारणे देऊन चुकती करतात. ‘मला लोकांनी निवडून दिले आहे’ असे मंत्री म्हणू शकतो. न्यायाधीशाला तसे म्हणता येत नाही. म्हणून त्याला आपला निर्णय लिहावा लागतो, त्याखाली सही करावी लागते आणि विरुद्ध बाजूचे म्हणणे का पटले नाही हे सर्वांसमोर सांगावे लागते. ही कारणे खरी आणि पुरेशी असतील, सत्तेपुढे दुबळ्या माणसाला उभे राहू देणारी असतील, तर न्यायालयाचे राजकीय काम लोकशाहीचे काम ठरते. कारणे लटकी पडली, की उरते ती केवळ खुर्चीची ताकद.

ही कसोटी मला पुस्तकांपेक्षा आपल्या भागाच्या इतिहासाने शिकवली.

महाराष्ट्रात न्यायासन आणि सार्वजनिक जीवन यांचा संबंध स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बसले तेव्हा त्यांच्यामागे काँग्रेसच्या स्थापनेपासूनचा आणि सामाजिक परिषदेचा वारसा होता. १८९७ आणि १९०८ या दोन्ही वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला त्याच न्यायालयात चालला. १९०८च्या खटल्यात टिळक जे बोलले, ते १९५६मध्ये त्याच इमारतीत शिलालेखावर कोरले गेले आणि मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचे अनावरण केले. शिक्षा देणाऱ्या संस्थेनेच शिक्षा झालेल्या माणसाचा सन्मान केला. तिने स्वतःच्या निकालाबद्दल दिलेला हा निर्णय होता.

महाड आणि वर्धा यांची जोडी या विषयात फार बोलकी आहे. १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी नाही आणि अस्पृश्यांना ते बंद करता येणार नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. दरम्यान १९२८मध्ये वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले होते. तिथे कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. हक्क मिळवण्याचे हे दोन मार्ग आहेत. एक मालकाच्या सद्बुद्धीतून जातो, दुसरा कायद्यातून. पहिल्याने दार लवकर उघडते, पण ते उघडणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. दुसऱ्याला दहा वर्षे लागली, पण त्यातून मिळाला तो हक्क होता आणि तो कोणाच्या मर्जीने परत घेता येणार नव्हता. न्यायालयाचा विलंब आणि न्यायालयाचे मोल, दोन्ही या एका तुलनेत दिसतात.

आता आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात गावकरी पडले, जमावाच्या हातून पोलीस आणि अधिकारी मारले गेले. अशा खटल्यांसाठी सरकारने १९४२च्या अध्यादेशाने विशेष फौजदारी न्यायालये उभी केली होती. त्यांची कार्यपद्धती संक्षिप्त होती आणि अपिलाचा मार्ग आखडलेला होता. आष्टी-चिमूरच्या अनेकांना विशेष न्यायाधीशांनी फाशी सुनावली. १९४३मध्ये फेडरल कोर्टाने या अध्यादेशातल्या कळीच्या तरतुदी अवैध ठरवल्या, तेव्हा सरकारने लगेच दुसरा अध्यादेश काढून आधीच्या शिक्षा कायम राखल्या. शेवटी उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५मध्ये व्हाइसरॉयने जन्मठेपेत बदलल्या. त्यामागे गांधीजींचा पत्रव्यवहार होता, अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांची धडपड होती आणि देशभरच्या लोकमताचा रेटा होता. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला, कारण ती तक्रार ऐकून घेईल असे कोणतेही न्यायपीठ उपलब्ध नव्हते. न्यायालय सरकारचा हात झाले की काय होते, याचा धडा या जिल्ह्याने असा प्रत्यक्ष घेतला आहे.

त्याच प्रांतात त्याच काळात दुसराही धडा घडत होता. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस बसत होते. भगवतीचरण शुक्ल प्रकरणात, आक्षेपार्ह ठरवलेल्या मजकुराचा परिणाम कसा तोलायचा याची त्यांनी कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस, धीराच्या माणसावर काय होईल हे पाहावे. प्रत्येक विरोधी मतात धोका शोधणाऱ्या डळमळीत मनाचे माप लावू नये. नागपुरात घडलेली ही कसोटी १९८८मध्ये ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वापरली आणि २०२५मध्ये एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही वापरली. पुढे बोस सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२मध्ये अन्वर अली सरकार प्रकरणात पश्चिम बंगालचा विशेष न्यायालयांचा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरला, तेव्हा त्या बहुमतात ते होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. प्रजासत्ताकातल्या निःपक्ष, समंजस माणसाला ही वागणूक समान वाटेल का, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारला वाटेल तो खटला सरकारला हव्या त्या न्यायालयापुढे पाठवता येतो, हा आष्टीच्या माणसांचा अनुभव होता. स्वतंत्र भारताच्या संविधानाने त्याला दिलेले उत्तर म्हणून मी हा निकाल वाचतो.

हे संविधान घडत असताना वर्ध्याने एक वेगळा आराखडाही पुढे केला होता. ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजींनी १९०९मध्येच वकील आणि न्यायालयांवर कठोर टीका केली होती. लोक आपले तंटे आपसांत मिटवणे विसरतात आणि परकी सत्ता पक्की होते, हा तिचा गाभा. १९४६मध्ये वर्ध्याच्या सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात गावपंचायत हा सगळ्या रचनेचा पाया होता आणि न्यायदानाचा मोठा भाग तिच्याकडे होता. संविधान सभेने ही वाट घेतली नाही. जातीने विभागलेल्या गावात पंचांचा न्याय कोणाच्या बाजूने झुकेल, हे डॉ. आंबेडकर अनुभवाने जाणत होते. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद ३२ला त्यांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. गांधीविचाराला अनुच्छेद ४०मध्ये ग्रामपंचायतींची जागा मिळाली आणि फार उशिरा, २ ऑक्टोबर २००९पासून, ग्रामन्यायालयांचा कायदा लागू झाला. न्याय जवळ हवा की निःपक्ष हवा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. दोन्ही हवे असे म्हणणे सोपे असते, तशी रचना उभारणे अवघड.

स्वतंत्र भारतातल्या न्यायालयांच्या वाटचालीचे साधारण चार टप्पे पडतात.

पहिल्या टप्प्याच्या केंद्रस्थानी जमीन आणि मालमत्ता होती. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून १९५१मध्येच पहिली घटनादुरुस्ती झाली. संसद मूलभूत हक्कांत बदल करू शकते का, हा प्रश्न शंकरीप्रसादपासून १९६७च्या गोलकनाथपर्यंत वाढत गेला आणि २४ एप्रिल १९७३च्या केशवानंद भारती निकालाने त्याला उत्तर मिळाले. तेरा न्यायाधीशांचे पीठ, सात विरुद्ध सहा असे मतविभाजन आणि निष्कर्ष असा, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. या खटल्यात नानी पालखीवाला मठाधिपती केशवानंद भारतींच्या बाजूने आणि महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सेरवई केरळ सरकारच्या बाजूने उभे होते. मुंबईच्या वकिलीतल्या या दोन शिखरांचा संघर्ष मराठी वाचकाने जरूर समजून घ्यावा. पुढे आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर सेरवईंनीही मूलभूत चौकटीचा सिद्धांत मान्य केला. हा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजित नाथ राय सरन्यायाधीश नेमले गेले. आपल्याविरुद्ध कारणे देणाऱ्या न्यायाधीशांशी सत्ता कशी वागते, हे देशाने पाहिले.

दुसरा टप्पा आणीबाणीचा. अनुच्छेद २१ची अंमलबजावणी स्थगित असताना, विनाचौकशी डांबलेला माणूस न्यायालयात दाद मागू शकतो का? देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी या ना त्या स्वरूपात होकार दिला आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. वर्धा जिल्ह्याचा कारभार याच खंडपीठाखाली येतो, म्हणून ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ही सर्व उत्तरे फिरवली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले आणि जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७मध्ये गोपनीयतेच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६चा तो निकाल मोडीत काढला आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. खन्नांना त्या दिवशी मते मिळाली नव्हती, त्यांच्याजवळ कारणे होती. एक्केचाळीस वर्षांनी तीच कायदा झाली.

त्या काळात वर्ध्याजवळ पवनारला विनोबा होते. सत्तेवर अंकुश ठेवायला न्यायालय किंवा निवडणूक पुरेशी नाही, निर्भय आणि निःपक्ष आचार्यांचा नैतिक आवाज हवा, असे ते मानत. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर खूप टीका झाली आणि ती टीका या पुस्तकात टाळलेली नाही. तरी त्यांचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. न्यायालय झुकते तेव्हा समाजात दुसरे कोण उभे राहते?

तिसऱ्या टप्प्यात न्यायालय गरिबांच्या दारात जाऊ पाहू लागले. १९७९च्या हुसैनआरा खातून प्रकरणापासून जनहित याचिका रुजली. कृष्ण अय्यर आणि भगवती यांनी पोस्टकार्डालाही याचिका मानले. १९८५मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला गेला. त्यांना हटवायला मात्र न्यायालयाने मनाई केली नाही. हक्क मोठा, दिलासा छोटा, हा या काळाचा स्वभाव त्या निकालातच दिसतो. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा प्रश्नही न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयापुढच्या याचिकेत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने आत्महत्यांच्या कारणांचा अभ्यास करून मार्च २००५मध्ये अहवाल दिला. पुढच्या वर्षी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले. कापसाच्या भावाचे, कर्जाचे, सिंचनाचे दुखणे न्यायालय दूर करू शकत नाही. ते दुखणे नोंदवायला आणि सरकारला उत्तर द्यायला मात्र भाग पाडू शकते.

याच काळातला एक निकाल विदर्भाने विसरू नये. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ते मथुरा प्रकरण म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरड झाल्याचे दिसत नाही, तेव्हा संमती होती असे धरले गेले. पोलीस ठाण्यात रात्री एकट्या मुलीच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येते का? हाच प्रश्न उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी प्राध्यापकांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. त्यांनी निकालाची कारणेच उलगडून पोकळ दाखवली. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते मानूनच पुढे जावे, असे आता कायदा सांगतो. चिमूरच्या स्त्रियांचे ऐकायला १९४२मध्ये न्यायपीठ नव्हते. १९७८मध्ये न्यायपीठ होते, पण ऐकण्याची रीत चुकीची होती. ती रीत न्यायाधीशांनी आपणहून सुधारली नाही, नागरिकांनी त्यांचा निकाल वाचून सुधारायला लावली.

चौथा टप्पा आपण आज जगतो आहोत. १९९३पासून न्यायाधीशांच्या नेमणुकांचा निर्णायक शब्द न्यायाधीशांच्याच हाती आला आणि २०१५मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती चार विरुद्ध एक मताने रद्द होऊन तो तिथेच राहिला. राजकारणाच्या कळीच्या वादांना शेवटचे ठिकाण न्यायालय होत गेले. मराठा आरक्षण २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्या फुटीवरच्या निकालात बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरला. पण उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही आणि अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांचा आहे, असेही न्यायालयाने सांगितले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरली. नेमके याच काळात विदर्भाची माणसे देशाच्या न्यायव्यवस्थेच्या शिखरावर होती. नागपूरचे शरद बोबडे २०१९ ते २०२१ सरन्यायाधीश होते, अमरावतीचे भूषण गवई २०२५मध्ये झाले.

या सगळ्याकडे पाहण्याच्या मुख्य विचारधारा चार आहेत. त्या माहीत असल्या तर पुढचे लेख वाचणे सोपे जाईल.

पहिली संयमाची. न्यायाधीशाने कायदा लावावा, घडवू नये. धोरण निवडून आलेल्यांनी ठरवावे. १९५०च्या ए. के. गोपालन निकालात ती स्पष्ट दिसते. दुसरी राखणदारीची. बहुमताला मर्यादा असतात आणि त्या सांभाळायला स्वतंत्र न्यायालय हवे. अमेरिकेत १८०३च्या मार्बरी निकालाने, ऑस्ट्रियात १९२०च्या राज्यघटनेतल्या केल्सेन यांच्या घटना न्यायालयाने आणि आपल्याकडे केशवानंदने तिला रूप दिले. तिसरी सामाजिक न्यायाची. संविधान केवळ सत्तेला अडवण्यासाठी नाही, समाज बदलण्यासाठी आहे, म्हणून न्यायालयाने दुर्बलांच्या बाजूने पुढाकार घ्यावा. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे माजी प्राचार्य सत्यरंजन साठे यांनी भारतातल्या न्यायालयीन सक्रियतेचा २००२मध्ये केलेला अभ्यास या प्रवाहाची ताकद आणि त्याच्या मर्यादा दोन्ही दाखवतो.

चौथी विचारधारा संशयाची. रॉबर्ट डाल यांनी १९५७मध्ये दाखवले, की अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय सत्ताधारी बहुमतापासून फार काळ दूर राहत नाही. अलेक्झांडर बिकेल यांनी १९६२मध्ये विचारले, की न निवडलेल्यांनी निवडलेल्यांचा कायदा का मोडावा? रान हिर्शल यांनी २००४मध्ये अनेक देशांतली उदाहरणे देऊन मांडले, की आपली सत्ता ओसरताना दिसू लागली की प्रस्थापित वर्ग आपले हितसंबंध न्यायालयांच्या हवाली करतात. या संशयाला मी फार महत्त्व देतो. न्यायालयावर प्रेम करणाऱ्याने त्याच्याकडे भाबड्या नजरेने पाहणे, हे न्यायालयाच्याच हिताचे नाही.

यांतली एकही धारा एकटी पुरी पडत नाही. संयम म्हणायचा तर १९७६चा निकालही संयमाच्या नावाने दिला गेला. सक्रियता म्हणायची, तर न्यायालयाने लोकनियुक्त संस्थांचे काम अंगावर घेतले की जबाबदार कोण हेच कळेनासे होते. म्हणून ‘न्यायालय सक्रिय होते की संयमी’ या प्रश्नापेक्षा ‘त्याने कारणे काय दिली आणि ती कोणाला वाचवतात’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

आज हा विषय तातडीचा का, याला तीन कारणे आहेत. सत्तेवरचे इतर अंकुश, विधिमंडळातली चर्चा आणि पक्षांतर्गत लोकशाही, ढिले पडले आहेत आणि सारा भार न्यायालयांवर आला आहे. दुसरे, विलंब हाच अनेकदा निर्णय होतो. ज्या काळात निवडणूक झाली नाही तो काळ कोणताही निकाल परत देऊ शकत नाही. तिसरे, निकाल आता मोबाइलवर क्षणात पोचतो, पण पोचतो तो मथळा. त्यामागची शेकडो पाने कोणी उघडत नाही. आपल्या बाजूचा निकाल लागला की न्यायदेवता महान आणि विरुद्ध लागला की न्यायालय विकले गेले, अशी बोलण्याची सवय जडते आहे. न्यायालयाचा आदर या दोन्ही भाषांत नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न त्या सवयीविरुद्ध आहे. ते वकिलांसाठी लिहिलेले नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, आष्टीच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक, पत्रकार आणि बचत गटातल्या बाया डोळ्यांपुढे ठेवून यातले लेख निवडले आहेत. प्रत्येक लेख एखाद्या सिद्धांतापासून सुरू न होता एखाद्या वादापासून सुरू होतो: कोणी कोणाविरुद्ध काय मागितले, न्यायालयाने काय म्हटले, नंतर प्रत्यक्षात काय झाले. लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. काही लेख नेमणुकांच्या पद्धतीचे समर्थन करतात, काही तिच्यावर कठोर प्रहार करतात. जनहित याचिकेबद्दलही तसेच. कायद्याचे शब्द जिथे टाळता आले नाहीत तिथे ते पहिल्यांदा आले की लगेच उलगडले आहेत. तालुक्याच्या कोर्टाचे काम मराठीत चालते, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. ही दरी सामान्य माणसाला निकालापासून दूर ठेवते. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठी अनुवादातही मिळतात. ते वाचण्याची सवय लागावी, हा या संग्रहाचा खरा हेतू आहे.

फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्यात ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर होते. उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश आणि संविधानाच्या इतिहासावर मराठीत सातत्याने लिहिणारा लेखक एकाच माणसात भेटत होता. कायद्याचा विचार सोप्या, स्वच्छ मराठीत मांडता येतो हे त्यांच्या लेखनाने दाखवले. या पुस्तकाचे लेखक त्या परंपरेचे ऋण मानतात.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. हे लेख वाचल्यावर पुढचा मोठा निकाल येईल तेव्हा चार प्रश्न विचारा. न्यायालयाने हरलेल्या बाजूचे सर्वांत मजबूत म्हणणे नीट मांडून मग त्याला उत्तर दिले आहे का? हाच नियम उद्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारलाही लागेल का? या निकालाने ज्याच्याकडे सत्ता, पैसा, संख्या नाही अशा माणसाला काय मिळाले? आणि वेगळे मत देणारा न्यायाधीश असेल तर तो काय म्हणतो? खन्नांचे निकालपत्र लोकांनी वाचत ठेवले नसते तर ते कपाटातच राहिले असते, आणि मथुरा प्रकरणाची कारणे कोणी तपासली नसती तर कायदा होता तसाच राहिला असता. न्यायाधीशांना मत देऊन आपण बदलू शकत नाही आणि बदलता येऊही नये. त्यांच्या कारणांची झाडाझडती घेण्याचा हक्क मात्र प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि तो बजावण्यासाठी सनद लागत नाही. जिथे हा हक्क हजारो माणसे रोज बजावतात तिथेच न्यायालये निर्भय राहतात, कारण सत्तेविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला आपले लिहिणे कोणीतरी वाचेल आणि त्यासाठी उभे राहील याची खात्री असते.